पाठीवर काचा, समोर काराकोरम

१९०९ च्या एप्रिलमध्ये युरोपातून आलेल्या एका आगबोटीतून इटालियन गिर्यारोहकांचा एक चमू मुंबईला उतरला. म्होरक्या होता अब्रुझीचा ड्यूक लुईजी आमेदेओ, इटलीच्या राजाचा सख्खा चुलतभाऊ. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर, के-टूवर चढाई करण्याचा त्याचा मनसुबा होता. सोबतीला आल्प्समधले कसलेले वाटाडे, फिलिप्पो दे फिलिप्पी हा डॉक्टर आणि सर्वेक्षणासाठी फेदेरिको नेग्रोत्तो हा नौदल अधिकारी. आणखी एक गृहस्थ होते, वय एकोणपन्नास. त्यांचं नाव व्हित्तोरियो सेला. मुंबईहून रेल्वेने रावळपिंडी, तिथून श्रीनगर, मग झोजी ला ओलांडून स्कर्दू आणि पुढे बाल्टोरो हिमनदी असा हा लांबलचक प्रवास होता. सामानात तंबू होते, दोर होते, शिधा होता. सगळ्यांत जपून न्यायच्या पेट्या मात्र सेलाच्या होत्या, कारण त्याला पर्वतांच्या नुसत्या तसबिरी नको होत्या. एका जागी उभं राहून डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढं सगळं त्याला टिपायचं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आज गडाच्या माथ्यावर पोचलं की आपण फोन आडवा धरतो, हळूच वळतो आणि चार सेकंदांत सह्याद्रीची रांग खिशात जाते. हे करताना सेलाची आठवण व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. प्रवासात दिसलेला विस्तीर्ण देखावा अखंड पकडण्याची जी रीत आज इतकी सहज झाली आहे, ती उंच पर्वतांत घडवण्यासाठी या माणसाने आयुष्याची तीस वर्षं दिली.

विस्तीर्ण देखाव्यांचं वेड त्याच्याही आधीचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर प्रचंड चित्र लावून लोकांना मधोमध उभं करण्याची युक्ती काढली. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये अशी कायमची इमारत उभी राहिली आणि तिकीट काढून लोक दूरदेशीची शहरं, लढाया, डोंगर बघू लागले. आपल्या मुंबईचं बेट आणि बंदरही १८३१ मध्ये लंडनच्या प्रेक्षकांनी अशाच एका पॅनोरमात पाहिलं; तो रॉबर्ट बर्फर्डने मांडला होता. छायाचित्रण अवतरल्यावर हे वेड लगोलग कॅमेऱ्याकडे वळलं. पॅरिसमध्ये फ्रीडरिश फॉन मार्टेन्सने १८४० च्या दशकातच फिरत्या भिंगाचा कॅमेरा बनवला. १८६१ मध्ये ओग्युस्त-रोझाली बिसाँ पंचवीस हमाल घेऊन माँ ब्लाँच्या माथ्यावर पोचला आणि मोजक्या तीन काचा टिपून उतरला. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने सॅन फ्रान्सिस्को शहराचा तेरा प्लेट्सचा पॅनोरमा केला, सतरा फुटांहून लांब. पण मायब्रिज एका श्रीमंताच्या टेकडीवरच्या हवेलीतून काम करत होता. हेच हिमनदीवर करायचं म्हटलं की सगळंच बदलतं.

आपल्या हिमालयात सॅम्युअल बोर्नने हे अनुभवलं होतं. हा इंग्रज १८६३ मध्ये भारतात आला, सिमल्याला राहिला आणि तीन मोठ्या सफरी करून १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फुटांवर कॅमेरा लावून उभा राहिला. तेव्हाची रीत ओल्या काचेची. काचेवर कोलोडियन ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत काळोख्या तंबूत धुऊन काढायची. म्हणजे प्रत्येक चित्रामागे हमालांच्या पाठीवर एक अख्खी प्रयोगशाळा डोंगर चढत होती. बोर्नची चित्रं अत्यंत देखणी आहेत. झाड कुठे यावं, पाणी कुठे चमकावं, याचा त्याला बारीक विचार असे. पण चौकट निवडून बाकीचा डोंगर सोडून देणाऱ्यांपैकी तो होता. सेलाचा पिंड वेगळा.

सेलाचा जन्म १८५९ चा, उत्तर इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या बिएल्ला गावातला. घरची लोकरीच्या कापडाची गिरणी. वडील जुझेप्पे वेनांझियो यांनी १८५६ मध्ये छायाचित्रणावर पुस्तक लिहिलं होतं, इटालियन भाषेतल्या त्या विषयावरच्या अगदी पहिल्या सविस्तर पुस्तकांपैकी ते एक. काका क्विंतिनो सेला इटलीचे अर्थमंत्री आणि १८६३ मध्ये इटालियन अल्पाइन क्लबची स्थापना करणारे. एका बाजूने रसायनं आणि भिंगं, दुसऱ्या बाजूने दोर आणि कुऱ्हाड. वडील गेले तेव्हा व्हित्तोरियो सोळा-सतरा वर्षांचा होता, पण रसायनांचं वळण हाताला लागून गेलं होतं. विसाव्या वर्षी, १८७९ मध्ये, बिएल्लाजवळच्या मोंते मार्स या डोंगरावरून त्याने ओल्या काचेवर पहिला पॅनोरमा घेतला.

मग १८८२. मार्च महिन्यात, ऐन थंडीत, जाँ-आंत्वान कारेल आणि त्याच्या घरातल्या वाटाड्यांसह सेला ४,४७८ मीटर उंच मॅटरहॉर्नवर चढला आणि पलीकडे स्वित्झर्लंडच्या बाजूला उतरला. हिवाळ्यात हे शिखर त्याआधी कोणी सर केलं नव्हतं. तरुण गिर्यारोहकाला आयुष्यभर मिरवायला एवढं पुरलं असतं. सेलाला मात्र त्या माथ्यावरून चहूबाजूंनी दिसणारा आल्प्स काचेवर उतरवायचा होता आणि त्यासाठी तो तिथे पुन्हा कॅमेरा घेऊन गेला. त्याच्या साऱ्या चढाया पुढे अशाच होत गेल्या. शिखर हे त्याच्यासाठी ट्रायपॉड रोवायची जागा झालं.

त्याच्या ओझ्याचा हिशेब जरा मांडून पाहावा. डॉलमायर कंपनीचा त्याचा मोठा कॅमेरा अठराएक किलोंचा. त्यात बसणारी काच तीस गुणिले चाळीस सेंटिमीटरची, आणि अशी एकेक काच जवळजवळ किलोभर वजनाची. बारा काचांचा पॅनोरमा म्हणजे बारा किलो फक्त काच. शिवाय एखादी फुटली, एखादी फसली, म्हणून वरच्या चार. ट्रायपॉड वेगळा, काचांच्या लाकडी पेट्या वेगळ्या. एवढा मोठा आकार कशासाठी? त्या काळी निगेटिव्ह मोठं करून छापणं कठीण होतं आणि त्यात बारकावे पुसट होत. काच जेवढी, चित्र तेवढंच. लांबच्या कड्यावरची बर्फाची भेग दिसायला हवी असेल, तर काच मोठीच न्यावी लागे. सुदैवाने १८८० च्या दशकात कोरड्या जिलेटिन प्लेट्स हाती आल्या होत्या. त्या कारखान्यातून तयार येत, महिनोन्महिने टिकत, आणि टिपल्याबरोबर धुवायची घाई नसे. काळोखा तंबू शिखरावर न्यायची गरज संपली. ओझं मात्र संपलं नाही.

आता प्रत्यक्ष काम. माथ्यावर बर्फ दाबून, दगड रचून ट्रायपॉड रोवायचा आणि कॅमेरा पाणसळीने अगदी सपाट करायचा. तो एखादा अंश जरी कलला, तरी फिरवताना क्षितिज वर-खाली होत जातं आणि शेवटची काच पहिलीशी जुळत नाही. मग डोंगराचा एक ठळक सुळका चौकटीच्या उजव्या कडेला घेऊन पहिली प्लेट टिपायची. कॅमेरा ठरावीक कोनातून वळवायचा, असा की तोच सुळका आता डाव्या कडेला आत येईल, आणि दुसरी टिपायची. असं करत पूर्ण फेरा. प्रत्येक वेळी काचेचा खोका बसवा, झाकणाची पट्टी ओढा, भिंग उघडा, मिटा, पट्टी घाला, खोका काढा. बोटं बधिर झालेली, वारा कॅमेऱ्याच्या भात्याला हलवतो आहे, आणि या सगळ्या वेळात ऊन सरकतं आहे. ढगाची सावली दोन काचांमध्ये पुढे गेली तर सांधा उघडा पडतो. सूर्याच्या बाजूची काच जळते, पाठीमागची काळवंडते. त्या काळच्या प्लेट्सना निळा रंग नको तितका दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून निळं आभाळ आणि पांढरं बर्फ दोन्ही एकसारखी पांढरी होऊन धार हरवून जाई. त्यावर उतारा म्हणून भिंगापुढे पिवळी काच लावावी, तर उजेड कमी पडून वेळ वाढे. शिवाय फसलं की नाही, हे तिथे कळायची सोय नाही. ते कळणार खाली उतरल्यावर, कधी काही आठवड्यांनी.

या कामात शिस्त कसली, तर ती काहीच न वगळण्याची. मला सेलाचं मोठेपण इथे दिसतं. बारा काचांपैकी तीन-चारच मनोहर असतात. त्यांत मॅटरहॉर्नसारखा एखादा नाट्यमय सुळका येतो, उरलेल्यांत नुसते दगडधोंड्यांचे उतार, मळकं बर्फ, नाव नसलेले खांदे आणि सोंडा. चित्र विकणारा माणूस या काचा घेणारच नाही. सेला त्या तितक्याच काळजीने घेई, तितक्याच नेमकेपणाने धुवून ठेवी. देखण्या शिखराइतकाच मान त्याच्या शेजारच्या ढिगाऱ्याला.

१८८९ पासून त्याने कॉकेसस गाठलं. रशियन साम्राज्याच्या दक्षिण टोकाची ही पर्वतरांग तेव्हा नकाशावर बरीचशी कोरीच होती. आदल्याच वर्षी विल्यम डॉंकिन हा इंग्रज छायाचित्रकार-गिर्यारोहक तिथेच सोबत्यासह आणि दोन स्विस वाटाड्यांसह नाहीसा झाला होता. १८८९, १८९० आणि १८९६ अशा तीन मोहिमांत सेलाने एल्ब्रुस चढला, शिखरांचे पॅनोरमे घेतले, दगडी मनोऱ्यांची स्वानेती गावं आणि तिथली माणसं टिपली. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८९० मध्ये या कामासाठी त्याचा गौरव केला. पुढे रशियाच्या झारनेही त्याला मानचिन्ह दिलं. सेलासोबत एर्मिनियो बोत्ता हा बिएल्लाकडचा मदतनीस असे. मोहिमेमागून मोहीम बोत्ता त्याच्याबरोबर राहिला. वर्णनांत त्याचं नाव फार तर दोन ओळींत येतं. बोत्ताची पाठ नसती तर सेलाचा डोळा कामाचा नव्हता, हे मी ठामपणे म्हणेन.

१८९७ मध्ये अब्रुझीच्या ड्यूकने त्याला अलास्कात नेलं. मालास्पिना हिमनदी ओलांडून ३१ जुलैला सगळा चमू माउंट सेंट इलायसवर पोचला. ती त्या शिखराची पहिली चढाई होती. सेला अर्थातच माथ्यावर होता. १९०६ मध्ये आफ्रिकेतल्या रुवेनझोरीत याच ड्यूकच्या मोहिमेवर त्याची गाठ धुक्याशी पडली. तिथली शिखरं दिवसचे दिवस ढगात गुरफटलेली असतात. पॅनोरमा घेणाऱ्याला नुसतं बसून राहावं लागतं.

या दोन्हींच्या मध्ये, १८९९ मध्ये, त्याने भारताच्या अंगणात केलेला प्रवास मला सगळ्यांत प्रिय आहे. डग्लस फ्रेशफील्ड या इंग्रज गिर्यारोहकाने कांचनजंगेची प्रदक्षिणा करायचं ठरवलं. शिखर चढायचं नाही, त्याला पूर्ण फेरी घालायची. सोबत भूगर्भतज्ज्ञ एडमंड गारवुड, सेला आणि त्याचा भाऊ एर्मिनियो, तसंच भारतीय सर्वेक्षण खात्याचा अनुभवी रिंझिन नामग्याल. सप्टेंबरच्या सुरुवातीला दार्जिलिंगहून निघालेला तांडा झेमू हिमनदीवर पोचला आणि महिन्याच्या उत्तरार्धात बंगालच्या उपसागरावरून आलेल्या वादळाने त्यांना गाठलं. खाली दार्जिलिंगला याच वादळाने दरडी कोसळून अनेक जीव घेतले. वर हिमनदीवर बर्फाचा थर साचला. चढाईच्या दृष्टीने ही आपत्ती होती; तंबू दबले, वाटा बुजल्या. पण वादळ ओसरल्यावर सेलाने कॅमेरा उघडला तेव्हा सगळे कडे नव्या बर्फाने मढलेले होते. सिनिओल्चूची त्याची चित्रं त्याच मुक्कामातली. घड्या पडलेल्या बर्फाच्या धारा, त्यांच्यावरची कोवळी उन्हं. ते शिखर नंतर ज्यांनी पाहिलं, त्यांच्यातल्या कित्येकांनी आधी सेलाचं चित्र पाहिलेलं होतं. पुढे मंडळी सहा हजार मीटरहून उंच असलेली जोनसाँग खिंड चढून नेपाळात उतरली. नेपाळ तेव्हा परक्यांना बंद होता. पश्चिमेकडून कांचनजंगा आणि जानू हे महाकाय कडे सेलाने टिपले, ते याच वाटेवर. फ्रेशफील्डचं या प्रदक्षिणेवरचं पुस्तक १९०३ मध्ये निघालं. त्यातला नकाशा गारवुडचा आणि चित्रं सेलाची. २०१९ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक ज्या कांचनजंगेच्या माथ्यावर पोचले, तिच्या सर्व बाजू पहिल्यांदा एका माणसाने एका फेरीत काचेवर उतरवल्या त्या १८९९ मध्ये.

आता पुन्हा १९०९. आस्कोले हे शेवटचं गाव मागे टाकून बाल्टी हमालांची लांब रांग साठ किलोमीटरहून लांब बाल्टोरोवर चढली आणि मे महिन्याच्या अखेरीस के-टूच्या पायथ्याशी तळ पडला. शेकडो हमालांपैकी काहींच्या पाठीवर सेलाच्या काचा होत्या. पायाखाली बर्फ, दगड, भेगा. आणि पाठीवर असं ओझं की जे आपटलं तर महिन्याची मेहनत फुटते. ते त्यांनी नेलं आणि परत आणलं. के-टूच्या आग्नेय धारेवरून ड्यूकने वर जायचा प्रयत्न केला. तिला आज अब्रुझी धार म्हणतात. पण ती वाट अवघड ठरली आणि चमू मागे फिरला. पश्चिमेकडच्या खिंडीतून, मग पूर्वेकडच्या उंच उतारांवरून, अशा एकेक बाजूने सेला त्या पर्वताला कॅमेऱ्यात घेत राहिला. के-टूच्या सगळ्या अंगांचा इतका नीट अभ्यास त्याआधी झालेला नव्हता. नेग्रोत्तो त्याच वेळी मोजणीची उपकरणं आणि मोजणीचा कॅमेरा घेऊन नकाशाचं काम करत होता. एकाच हिमनदीवर एक डोळा अंश मोजत होता आणि दुसरा उजेड.

जुलैत ड्यूक चोगोलिसाकडे वळला. १८ जुलैला तो आणि वाटाडे सुमारे ७,५०० मीटरपर्यंत पोचले आणि धुक्याने त्यांना थांबवलं. वर बर्फाचा छज्जा कुठे संपतो हे दिसेना, तासन्‌तास वाट पाहून ते उतरले. इतक्या उंचीवर त्याआधी कोणी चढल्याची नोंद नव्हती आणि हा विक्रम १९२२ पर्यंत टिकला. मोहिमेला एकही मोठं शिखर मिळालं नाही. दे फिलिप्पीने लिहिलेला जाडजूड ग्रंथ १९१२ मध्ये निघाला, आणि त्याच्यासोबत सेलाच्या घडीच्या पॅनोरम्यांचा स्वतंत्र संच. माझ्या मते या मोहिमेची खरी कमाई ती घडी. नंतरच्या पिढ्यांनी के-टूचा अभ्यास याच चित्रांवर केला, १९३० च्या दशकातल्या अमेरिकनांनी केला आणि १९५४ च्या इटालियनांनीही. त्या वर्षीच्या ३१ जुलैला अकिल्ले कोम्पान्योनी आणि लिनो लाचेदेल्ली अब्रुझी धारेवरूनच के-टूच्या माथ्यावर पोचले. सेंट इलायसवरही सेला आणि ड्यूक ३१ जुलैलाच पोचले होते; योगायोगच, पण हे वाचताना थोडं थबकायला होतं.

सेलाने १९५४ पाहिलं नाही. तो १९४३ मध्ये बिएल्लात वारला. वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्याने पुन्हा मॅटरहॉर्न चढायला घेतला होता. वाटाड्याला अपघात झाला म्हणून परतावं लागलं. १९४६ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने त्याच्या कामावर मनःपूर्वक लेख लिहिला. योसेमिटीचे कडे टिपण्यात जन्म घालवलेल्या माणसाने केलेली ही कदर हलकी नव्हे. सेलाच्या काचा, छापे, टिपणं आज बिएल्लातल्या सेला प्रतिष्ठानात जपून ठेवलेली आहेत.

आणि या शतकात त्या काचांना नवं काम मिळालं. डेव्हिड ब्रेशर्स या अमेरिकन गिर्यारोहक-छायाचित्रकाराने जुन्या हिमालयीन चित्रांच्या जागा शोधून तिथून पुन्हा चित्रं घेतली. त्यात सेलाचीही होती. इटालियन छायाचित्रकार फाबियानो व्हेंतुराने २००९ मध्ये काराकोरममध्ये आणि २०११ मध्ये कॉकेससमध्ये सेलाच्या जागा हुडकल्या. जागा सापडते कशी? समोरचा सुळका कामाचा नसतो; तो आपण थोडंफार सरकलो तरी तसाच दिसतो. कामी येतात त्या जवळच्या गोष्टी: दगडाचा एक कोपरा, ढिगाऱ्याची कड, दोन धारा एकमेकींना कुठे छेदतात ते. ज्या काचा विकायच्या नजरेने फुकट गेलेल्या वाटतात, त्या काचांवर ही माहिती आहे. आणि हिमनदी किती उतरली, ते मोजायला माथा नव्हे, बाजूची कड लागते. तीही त्याच काचांवर आहे. कॉकेससमधल्या जोड्या पाहिल्या की बर्फ कुठवर होतं आणि कुठवर उरलं हे उघड दिसतं. सेलाच्या काळात दरी भरून वाहणाऱ्या हिमनद्यांच्या जागी आज उघडा खडक आहे. काराकोरममध्ये चित्र निराळं निघालं. बाल्टोरोसारख्या हिमनद्या शंभर वर्षांत तितक्या आटलेल्या दिसल्या नाहीत. काराकोरमच्या हिमनद्या इतर पर्वतांसारख्या का वागत नाहीत, हा प्रश्न हिमनद्यांच्या अभ्यासकांपुढे आजही आहे, आणि जेव्हा ते जुना पुरावा मागतात तेव्हा १९०९ सालच्या त्या काचा पुढे केल्या जातात.